घडून गेलेल्याचं इंग्रजी

आमच्या घरातली पोरं मला अजून कुंभाराच्या गाढवाची गोष्ट इंग्रजीतून सांगायला लावतात. मी सांगतो. माझं इंग्रजी उर्दूच्या वाटेनं आलेलं असल्यामुळं 'स्कूल'ला मी अजून 'इस्कूल' म्हणतो, आणि शहरात शिकणारी ती पोरं तोंडावर हात धरून हसतात. हसू दे. गोष्ट गाढवाची आणि सांगणारा मी, म्हणजे हसायला दोन कारणं. पण त्या गोष्टीमागं मास्तर होते, आणि त्यांचं पुढं काय झालं ते मी घरात कुणाला धड सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच तर "गेले बिचारे" म्हणून मी पानाचा डबा शोधायला लागतो.

निजामाच्या राज्यात मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा इंग्रजीनं मला उठवलं. उर्दूत पास, गणितात पास, फारसीत दयेवर पास. इंग्रजीचा आकडा मात्र असा, की वडलांनी तो दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा मी खाली मान घालून सांगितला. एकवीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं. वडील म्हणाले, "शेवटचं एकदा बस. न्हाय जमलं तर तिफण धर. तिला इंग्रजी लागत न्हाय."

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं, लोहाऱ्यापासून अडीच कोसांवर. लोहाऱ्याच्या शाळेत इंग्रजीचे जे मास्तर होते त्यांच्या घरी मी दर शुक्रवारी जायला लागलो. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. दुपारची नमाज आटपून मास्तर आले की ओसरीवर तालीम सुरू. कोपरावर विरलेली काळी शेरवानी, लाल टोपी आणि आवाज असा, की समोरच्या गल्लीतली शेळीसुद्धा चरायची थांबायची. घरात दखनी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू बोलायचे. आणि इंग्रजी फक्त गोष्ट सांगायला.

कारण परीक्षेत गोष्ट लिहायला सगळ्यात जास्त मार्क होते. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "देख बेटा, आत्ता काय चाललंय ते समोर दिसतंय, ते काय सांगायचं? उद्याचं अल्लाला ठाऊक. घडून गेलं तेवढंच माणसाला सांगता येतं. तेवढं पक्कं कर. बाकी सोड."

मी बाकी सोडलं. सोडायला मला नेहमीच बरं जमतं.

त्यांची रीत अशी, की डाव्या हाताला चिंचोक्यांचा ढीग ठेवायचा. गोष्टीतलं एक काम पुरं झालं की एक चिंचोका उजवीकडं. कुंभार पहाटे उठला, चिंचोका. त्यानं गाढव सोडलं, चिंचोका. तो येरमाळ्याच्या जत्रेला गेला, चिंचोका. काम अर्धवट राहिलं, नुसतंच 'तो जात होता' असं मी म्हणालो, की मास्तर माझं बोट चिंचोक्यावर दाबून धरायचे. "जात होता, जात होता! अरे, पोचव ना त्याला! बिचाऱ्याचे पाय दुखले." कुंभार, गाढव, येरमाळा, सगळं त्यांनीच रचलेलं. विलायतेचे राजे-राण्या त्यांना चालत नसत. आणि गोष्ट संपली की शेवटी 'मॉरल' म्हणून एक वाक्य. त्याचे दोन मार्क वेगळे.

मध्येच आतून पडदा हलायचा आणि अम्मा, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, चहाची बशी बाहेर सरकवायच्या. "ले बेटा." मी म्हणायचो, "नको अम्मा." त्या पुन्हा म्हणायच्या. मी म्हणायचो, "आपली मेहेरबानी हाय, काही नको." तिसऱ्यांदा म्हणाल्या की घ्यायचा. आमच्या भागात हिंदू काय, मुसलमान काय, ही रीत सगळ्यांची एकच. पहिल्या हाकेला कप उचलणारा हावरा ठरतो, आणि दोनदा विचारून गप्प बसणारा घरधनी कंजूष. मला अडीच कोस चालून तहान लागलेली असायची, तरी मी कधी एक 'नको' कमी केला नाही.

घरी मी म्हशीला वैरण टाकताना गोष्टी घोकायचो. बायको चुलीपुढं बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "अवो, ह्याच्यात गाढव गेलं, गाढव आलं, एवढंच हाय का? भाकर मागून दाखवा बरं इंग्रजीत."

मी ओठ हलवले. काही आलं नाही. कुंभारानं भाकरी खाल्ली, हे आलं असतं. कुंभाराच्या बायकोनं भाकरी दिली, हेही आलं असतं.

"उपाशी मरतान तुमी त्या विलायतेत," ती म्हणाली आणि भाकर ताटात टाकली.

त्या वर्षी रस्ते धड राहिले नव्हते. निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने. खाकीतल्या टोळ्या बंदुका घेऊन गावोगाव फिरायच्या, आणि गावोगावची माणसं हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडं निघालेली. माझे वडील तिकडं गेलेल्यांना रातोरात ज्वारी पोचवायचे, आणि ते बोलायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळं गावभर ते सगळ्यांना माहीत होतं. मास्तर मला म्हणाले, "तू वाटेनं येऊ नको. जवान पोरगा, कुठंतरी अडकशील. मैं आता." आणि साठीला आलेला तो माणूस दर शुक्रवारी अडीच कोस चालत आमच्या ओसरीवर यायला लागला.

अशाच एका शुक्रवारी टोळी आली. वडील आत धान्याच्या बळदात उतरले, आईनं तोंडावर फळी टाकली आणि फळीवर सुपात तूर घेऊन पाखडायला बसली. मास्तर ओसरीवरून हलले नाहीत. मला म्हणाले, "बोल. कुंभार उठला. बडे आवाज से."

मी बोलायला लागलो. कुंभार उठला ते सगळ्या गल्लीला कळलं असेल. दारात सातआठ जण उभे. पुढचा जो होता, उंच, खांद्यावर बंदूक, त्यानं मास्तरांना पाहिलं आणि त्याचा हात आपसूक कपाळाकडं गेला.

"आओ मियाँ," मास्तर म्हणाले. "सहा साल झाले ना शाळा सोडून? बैठो. सबक चालू है."

"नहीं उस्ताद, हम जरा काम से..."

"काम बाद में. सांग, कुंभार येरमाळ्याला गेला. मग त्यानं काय केलं? इंग्रजीत."

तो गडी उभ्या उभ्या घामाघूम झाला. बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मागचे फिस्सकन हसले. "पूछा ना उस्ताद ने, बोल की!" एक जण म्हणाला. त्यानं काहीतरी पुटपुटलं, त्यात गाढव होतं आणि क्रियापद नव्हतं. मास्तर खो खो हसले. उठले, त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि हसत, बोलत, त्याच्या आईची तब्येत विचारत त्या सगळ्यांना वेशीपर्यंत सोडून आले. आमच्या घराचा उंबरा कुणी ओलांडला नाही. परत आले तेव्हा त्यांना चिंचोके उचलता येईनात. "आगे," म्हणाले, "आगे बोल."

पोरांना मी हे इथवर सांगतो. ती पोट धरधरून हसतात.

पण त्या दिवशी सगळं गाव माळवदांवर चढून बघत होतं. वरून काय दिसलं? मास्तर आणि तो बंदूकवाला, खांद्यावर हात टाकून, हसत वेशीकडं चाललेले. ओसरीवर काय झालं ते माळवदावरून कुणाला ऐकू गेलं नाही. माझा कुंभार तेवढा गेला असेल, पण तो इंग्रजीत होता.

मग हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत आटोपलं. पेढे वाटले. मीही वाटले. त्या धामधुमीत माणसांना धरून न्यायला लागले. कुणी खरोखर केलेलं होतं, कुणी काहीच केलेलं नव्हतं. मास्तरांनाही नेलं. त्यांचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. कोण ते मला आजही ठाऊक नाही, पण आमच्याच गावातला असणार, कारण "खांद्यावर हात टाकून फिरत होता" एवढंच त्यात होतं, आणि तो हात आमच्याच गावात टाकला गेला होता.

मी वडलांना म्हणालो, "चला, सांगून येऊ."

वडील बराच वेळ दोरी वळत बसले. मग म्हणाले, "आठ दिस थांब. लोकं लई तापल्यात. आता त्यांच्या बाजूनं बोललं की आपुन बी त्यातलेच." वडील वाईट माणूस नव्हते. बळदात चार घटका बसलेला माणूस वर आला तरी काही दिवस आतच असतो. आठ दिवसांचे पंचवीस झाले. मीही काही हट्ट धरला नाही. वडलांच्या भीतीआड उभं राहायला जागा चांगली होती.

सव्विसाव्या दिवशी अम्माच आल्या. बुरख्यात, पायी, अडीच कोस. इतके दिवस पडद्याआडून फक्त हात पाहिलेली बाई आमच्या ओसरीवर जमिनीला टेकून बसली. तोंडावरचा पडदा मागं टाकला होता. आई पाणी घेऊन आली. अम्मांनी एकदाही 'नको' म्हटलं नाही, गटागटा प्यायल्या.

"बेटा," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला सांगू? तुमच्या घराला सगळं माहीत हाय."

वडील उठून आत गेले आणि धुतलेला फेटा बांधून बाहेर आले. "कागद कर," मला म्हणाले. "आजच."

लोहाऱ्यात कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा म्हातारा बसायचा. त्याचा उर्दू अर्ज 'गरीबपरवर'नं सुरू व्हायचा आणि 'रहम फरमाया जाए'वर संपायचा. मधे नुसतं नाव-गाव बदलायचं. त्यानं आम्हाला पाहून दौतीला बूच लावलं. "मेरे हर्फ अब कौन पढता, पाटील? साहेब मद्रासकडचा हाय. इंग्रजीत आना." आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमचा पोरगा हाय की शिकलेला!"

शिकलेला पोरगा कचेरीच्या चिंचेखाली बसला आणि लिहायला लागला.

काय सांगू, हात असा चालला! आयुष्यात इतकं इंग्रजी मी कधी लिहिलं नव्हतं. एका गावात एक मास्तर होते. ते दर शुक्रवारी चालत आमच्या घरी आले. एके दिवशी बंदूकवाली माणसं आली. मास्तरांनी माझ्या वडलांना वाचवलं. ते हसले. त्यांनी त्या माणसांना वेशीपर्यंत नेलं. प्रत्येक काम पुरं, एकही अर्धवट नाही. बोटाखाली चिंचोके सरकत असल्यासारखं वाटत होतं. शेवटी वेगळ्या ओळीवर लिहिलं: मॉरल, लांबून पाहून माणसाची पारख करू नये. खाली सही. मी ते दोनदा वाचलं आणि, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. मास्तर सुटून आले की त्यांना हे दाखवायचं, असं मनात आलं. म्हणून एक नक्कलही करून ठेवली.

साहेबापुढं वडील आणि मी हात जोडून उभे राहिलो. काळासावळा, चष्म्याचा, दमलेला माणूस होता. समोर कागदांची चळत. त्यानं माझा कागद घेतला, वाचायला लागला आणि मधेच हसला. चेष्टेनं नाही. शेजारच्या कारकुनाला दोन ओळी वाचून दाखवल्या. मग वर बघून मला म्हणाला, "हे तू लिहिलंस?"

"यस सर."

"व्हेरी गुड. कथा चांगली आहे." आणि कागद खाली ठेवून, अगदी नीट, माझ्याकडं बघत त्यानं विचारलं, "तुला काय हवं आहे?"

एवढं इंग्रजी मला कळलं. स्वच्छ कळलं. आणि मी, मोठ्या माणसानं पहिल्यांदा विचारल्यावर आमच्याकडं जे म्हणतात तेच म्हणालो. "नथिंग सर. ओन्ली युवर काइंडनेस."

आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा राहिलो.

साहेबानं मान हलवली. त्याला बरं वाटलं असावं. दिवसभरात काही न मागणारा पहिलाच भेटला असेन. कागद चळतीत गेला आणि शिपायानं पुढच्याचं नाव पुकारलं. मी तिथंच. शिपायानं दंडाला धरून बाजूला केलं तेव्हा कळलं, की आता कुणी विचारणार नाही. तोंड उघडलं. 'सोडा' हा शब्द इंग्रजीत कसा म्हणतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. कुंभारानं गाढव सोडलं होतंच की. पण ते 'सोडलं' होतं. कुणाला काही करा म्हणून सांगायचं, विनवायचं, ते मी कधी कुणापुढं इंग्रजीत केलेलं नव्हतं, आणि हिंदीतही त्या क्षणी सुचलं नाही. हिंदी तर मला येत होती. साध्या हिंदीत 'साब, उनको छोड दो' एवढंच पाहिजे होतं.

बाहेर वडलांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

चिंचेखाली अम्मा उभ्या होत्या. त्यांनाही तेच सांगितलं, वर कागद वाचून साहेब हसला हेही. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून बोटं ओवाळून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

चार दिवसांनी मी एकटाच परत गेलो. वाटेनं पाठ करत गेलो, काय म्हणायचं ते. साहेब दुसऱ्या तालुक्याला गेला होता. कारकुनानं चळत चाळली, माझा कागद काढला, दोन्ही बाजूंनी बघितला. "याच्यात मागणी काहीच नाही हो," तो म्हणाला. "कशावर हुकूम लिहिणार?" आणि दफ्तरात बांधून टाकला. दुसरा लिहून आणतो म्हणालो, तर म्हणाला, कैदी इथनं हलवलेत, आता तिकडं द्या. तिकडं म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. आधी लाज वाटली म्हणून, आणि मग फार दिवस झाले म्हणून.

अम्मांचे भाऊ गुलबर्ग्याला असायचे. ते न्यायला आले. हैदराबादेत वकील बघतो म्हणाले. मी समोरच होतो. अम्मा पडद्याआडून म्हणाल्या, "वकील कायकू भैया? साहेबानं बघतो म्हटलंय. बड़ा शरीफ आदमी है, कागद पढ़ के हंस्या बोलते. आणि मी गेले आणि हे आले तर? घराला कुलूप बघून परत जातील." भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. "साहेब सच्ची असं बोलले?"

"जी हाँ," मी म्हणालो.

ते एकटेच परत गेले. वकील बघायचं राहिलं.

हिवाळ्याच्या शेवटी कागद आला. शाळेच्या पत्त्यावर, इंग्रजीत, दोन ओळी टाइप केलेल्या. शाळेचा शिपाई अम्मांना देऊन गेला आणि अम्मांनी तो माझ्याकडं पाठवला नाही. मी येईपर्यंत शुक्रवारची वाट बघत बसल्या, कारण मी शुक्रवारी येतो. मी अजून जात होतो, ज्वारी-डाळ पोचवायला. मी तो उलगडला. कैदी तापानं आजारी पडला. अमुक तारखेला वारला. दफन करण्यात आलं. कुठंही अडखळलो नाही. मॅट्रिकला दोनदा बसलो तेव्हा एकही उतारा इतका सरळ वाचला नव्हता.

"क्या लिखे?" अम्मांनी विचारलं.

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "और?"

और काही नव्हतं. पण मी बोलायला लागलो. म्हटलं, लिहिलंय की त्यांच्या उशाशी एक माणूस बसला होता. त्यानं पाणी पाजलं. त्यांनी घरची आठवण काढली. दुपार होती, अजान झाली. एका कागदावर दोनच ओळी असताना मी पानभर वाचलं, आणि अम्मा ऐकत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, मोजता तर येत होतं. त्यांनी मला अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या गुलबर्ग्याला निघाल्या. बैलगाडी आमचीच होती. सामान म्हणजे एक पेटी, दोन गाद्या, तांब्याचा बंब. मी गाडीला दोर आवळत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, तू तो जो अर्ज लिहिला होता, त्याची नक्कल है ना तुझ्याकडं?"

होती. खिशातच होती. मास्तरांना दाखवायची म्हणून ठेवलेली, ती मी तोपर्यंत खिशातून काढलीच नव्हती. घड्यांवर फाटायला आली होती. मी दिली.

त्यांनी ती उलगडली. बोट एकेका ओळीवरून फिरवत खालपर्यंत गेल्या, आणि शेवटच्या ओळीपाशी, ती मॉरलची, वेगळी लिहिलेली होती ना, तिथं बोट थांबवलं.

"यहाँ उनकी रिहाई मांगी ना तू?"

"हौ अम्मा," मी म्हणालो. "तिथंच."

त्यांनी घडी घातली, पेटी उघडायला लावली आणि मास्तरांच्या शेरवानीच्या आतल्या खिशात ती ठेवली. मग पेटीवर हात ठेवून बसल्या आणि मला म्हणाल्या, "हाँक बेटा." मी बैलांना चुचकारलं.